सोनखताचे मुळे

आमच्या ओशिदा गावात योने सेकिगुची दिसायच्या आधी तिचा वास यायचा. अंधार फिटायच्या आत कावड खांद्यावर टाकून ती दोन कोसांवरच्या कावागोए शहराला जायची, तिथले संडास उपसायची आणि उन्हं चढेपर्यंत दोन बादल्या सोनखत घेऊन रानात हजर. वाटेत पोरंठोरं नाक धरायची. ती म्हणायची, "धरा, धरा. मुळा खाताना नका धरू म्हंजे झालं."

तिचा नवरा लढाईत, समुद्रापारच्या लुझॉन बेटाच्या जंगलात मेला. सरकारनं हाडांची म्हणून पेटी पाठवली, ती उघडली तर आत नुसता एक धोंडा. योनेनं तो धुतला आणि मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर वजन म्हणून ठेवला. "जिता होता तवा कामाचा होता. आता बसून काय करील?" रडली असेल तर गोठ्यात रडली असेल, मी तिचा शेजारी, मला काही ऐकू आलं नाही.

तिच्याकडं एकच रान, ओढ्याकाठचं, तेही कुसाकाबे मालकाचं. ती कूळ म्हणून कसायची, खंड भरायची, उरलं त्यात दोन पोरी आणि सासू जगवायची. मालकाचा संडासही तीच उपसायची. आमच्याकडं रीत अशी की ज्याच्या घरचं सोनखत न्यायचं, त्याला थंडीत माणशी पन्नास मुळे द्यायचे. लढाई जिंका नाहीतर हरा, ही देवघेव थांबत नाही.

आम्ही हरलो. राजानं रेडिओवर तसं सांगितलं. मग बायकांना मत मिळालं, आणि त्यामागून कायदा आला, कसेल त्याची जमीन. हार झाली त्या सालच्या नोव्हेंबरात जो रान कसत होता, त्याला ते सरकारमार्फत विकत मिळणार. किंमत एवढी किरकोळ की तेवढ्यात धड एक जोडा आला नसता.

कुसाकाबे मालकानं अर्ज टाकला. "ओढ्याकाठचं रान मी हार झाली त्या उन्हाळ्यातच बाईकडून परत घेतलं. तेव्हापासून माझा गडी कसतो." कागदावर योनेचा अंगठाही होता. तो तिनं सासूच्या औषधासाठी मालकाकडून पैसे घेताना दिला होता. वर काय लिहिलंय ते तिला कोण वाचून दाखवणार?

निकाल दहा पंचांच्या हातात. गावानं पहिल्यांदाच आपल्या मतानं निवडलेले पंच, त्यात पाच आम्ही कुळं. मी त्यातला एक. पण खरं सांगतो, आमची दातखीळ बसली होती. शेत मिळेल हो, पण जंगल मालकाचंच राहणार होतं. सरपण त्या जंगलातलं, खताचा पाचोळाही त्यातलाच. खरं बोलून वर्षभर कच्चं खायचं का?

हार होऊन दोन वर्षांनी, सत्तेचाळीसच्या शरदात, सुनावणी निघाली. गावकचेरीचं छप्पर गळत होतं म्हणून बसलो मालकाच्याच ओटीवर. योने उंबऱ्याबाहेर. मालकाची आई, ऐंशीच्या घरातली थोरली बाई, स्वतः चहा घेऊन आली, सोबत लोणच्यातल्या मुळ्याच्या पिवळ्याधमक चकत्या. तिच्या लोणच्याचा तिला भारी ताठा.

ओकानो पंचांतला मुख्य होता. त्यानं अर्ज वाचला आणि विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?"

सगळ्यांनी चहाचे पेले तोंडाला लावले. मी चकती चावत बसलो.

योने म्हणाली, "मला थोरल्या बाईंना एक विचारायचंय. बाई, हे मुळे कवाचे?"

"कवाचे म्हंजे? हार झाली त्या थंडीतले! दोन उन्हाळे मुरलेत. असे गावात दुसऱ्या कुणाकडं निघाले तर दाखव."

"आणि आले कुठून?"

"अगं, तूच नाही का आणून टाकलेस मागल्या दारी, संडासाच्या बदल्यात? ओढ्याकाठचे. त्या रानाबिगर असा लांब मुळा येतो होय?"

"आई, तू आत जा," मालक म्हणाला.

"का जाऊ? मताला जाताना हात धरून नेलंस, आता बोलताना तोंड धरतोस?"

"ते मुळे आपल्या गड्यानं लावले होते, आई."

"कुणी, त्या जिरोनं?" म्हातारी एवढी हसली की किटली हिंदकळली. "त्याला मुळा आणि खुंटी एकच! माझ्या लोणच्याला त्याचं नाव लावू नकोस, मेल्या."

योने उंबऱ्यावर हात टेकून उठली. "पंच, रान मालक कसत होते, तर मालकानं आपल्याच रानातले मुळे माझ्याकडून मोबदला म्हणून का घेतले?"

माझ्या तोंडात तोच मुळा होता. गिळला आणि हात वर केला. पहिला माझा, हे मी अजून चारचौघांत सांगतो. मग कुळांचे चार. मग ओकानोचा. सहा झाले आणि रान योनेचं झालं.

मालकानं रागानं तिला दार बंद केलं. "माझ्या संडासाला हात लावायचा नाही!" तिला काय, उपसायला कावागोएत हवी तेवढी घरं होती. ज्याला त्याला आता स्वतःचं रान, तेव्हा मालकाकडं उपसायला दुसरं कोण जातं? जंगलही त्याला बंद करता आलं नाही. सगळं गावच सरपणाला गेलं तर तो अडवणार कुणाकुणाला?

डिसेंबरात योने ओढ्याकाठी मुळे उपटत होती. पोरी धूत होत्या. मी बांधावर विडी ओढत बसलो होतो. बांधावरून कुसाकाबे मालक आला, पायघोळ अंगरखा वर खोचून. गावभर कुजबूज होतीच की त्याच्या मागल्या दारातून आता सगळं वाहून अंगणात येतंय.

तो थांबला. टोपी काढली. त्याचं टक्कल मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"योनेबाई," तो म्हणाला. बाई! "जरा आमच्याकडं... उपसायला याल का?"

योनेनं हातभर लांबीचा मुळा मातीतून ओढून काढला, झटकला, पोरीकडं फेकला.

"उद्या येईन. आज माझ्या रानात काम आहे."