शेजारणीचं गार सूप

ग्लास हातात दिला की ती माझ्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे बघायची. घोट खाली उतरला की म्हणायची, "गोड बोलू नकोस. खरं सांग."

आमची अमेरिकेतली, सनीव्हेलची शेजारीण. स्पेनहून आलेली, एकटी, पंचाहत्तरीची. मी नातीला सांभाळायला आलेली, तरुण. हसू नका, अठ्ठावन्न म्हणजे आता मला तरुणच वाटतं. अक्कलही तेवढीच होती.

तिचं गास्पाचो म्हणजे न शिजवलेलं गार टोमॅटो सूप. पिकून फुटायला आलेले टोमॅटो, काकडी, लसूण, शिळा पाव, व्हिनेगर, ऑलिव्हचं तेल, सगळं वाटून फ्रिजमध्ये. "बर्फ घालू नकोस, सूप रडतं," ती बजावायची. पाव वाढवून दाट केलं की साल्मोरेहो, वर उकडलेलं अंडं. पहिला घोट नुसता गारव्याचा, चव तिसऱ्याला कळते, असं तिचं म्हणणं.

मी कशाला तिसऱ्यापर्यंत जातेय! एक घोट श्वास रोखून गिळायचा, "मस्त!" म्हणायचं आणि उरलेलं डब्यातून घरी. तिथे हिंग-जिऱ्याची फोडणी, गुळाचा खडा, सणसणीत उकळी. भातावर सार!

सून म्हणायची, "आई, हे गारच पितात."

"त्यांना गॅस परवडत नसेल," मी म्हणायचे. केवढी मी हुशार!

एका आजारपणात शेजारणीचं नाक गेलं. करपलेलंसुद्धा कळेना. मुलगी फोनवर मागे लागली, आता वृद्धाश्रमात चल. शेवटी ठरलं, मुलगी जेवायला येईल आणि आईचं एकटीचं निभतंय का ते बघेल. मलाही बोलावलं होतं. त्या सकाळी ग्लास माझ्या हातात आला.

"आज तुझं नाक माझं," ती म्हणाली.

खवट लागलं. तेल जुनं होतं. अहो, शेंगदाण्याचा खवटपणा मला दारातून कळतो! पण वाटलं, यांच्यात असंच असेल. शिवाय कुणाच्या हातचं वाईट कसं म्हणावं?

"मस्त!"

दुपारी मुलीने पहिलाच चमचा तोंडात घातला आणि खाली ठेवला. "आई, तेल खराब झालंय. तुला कळलंही नाही." आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

शेजारीण माझ्याकडे वळली. "तुला कळलं होतं?"

"थोडंसं," मी म्हटलं.

मी तिला सांगितलेलं ते पहिलं खरं.

महिन्याभरात तिचं सामान हललं. निघायच्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडीपासून दहा पावलांवर उभी, हात हलवावा की नको अशी. मुलीने विचारलं, "आई, कोणाचा निरोप घ्यायचा राहिलाय का?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"नाही," म्हणाली, आणि सीटबेल्ट लावला.