मावससासूबाईंचा उपग्रह

आकाशाशी इतका घरोबा असलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. आमच्या मावससासूबाई राहतात ठाकुर्लीत, तिसऱ्या मजल्यावर; पण मनाने त्यांचा मुक्काम आयनांबरात, म्हणजे फार उंचावरच्या त्या विरळ, वीजभारल्या हवेत. पाऊस, उकाडा या त्यांच्या मते गल्लीतल्या गोष्टी. खरं हवामान सूर्याचं. तो खवळला की आयनांबर ढवळून निघतं आणि मोबाइलचे नकाशेही चुकतात, हे त्या भाजी निवडता निवडता समजावतात. एकदा वर्तकनगरला आमच्याकडे येताना रिक्षावाल्याने त्यांना खोपटला नेऊन उतरवलं. चिडायचं सोडून यांनी त्याचीच समजूत घातली, "तुझा दोष नाही रे, आज आयनांबर हललंय." तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मॅप लावलाच नाय मी."

त्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायच्या. निवृत्त होता होता त्यांनी विद्यार्थ्यांबरोबर आयनांबर मोजणारा एक छोटा उपग्रह बनवला, पोळ्यांच्या डब्याएवढा, आणि तो एका मोठ्या रॉकेटमधून वर गेला. तेव्हापासून तो डोक्यावरून जायची वेळ झाली की बाई अँटेना घेऊन गच्चीवर. माझ्या मेव्हणीच्या लग्नात भर मंगलाष्टकांतून उठून पैठणीतच हॉलच्या गच्चीवर गेल्या. परतल्या तेव्हा अक्षता तशाच मुठीत. त्या त्यांनी जिलबी खाणाऱ्या नवरानवरीवर टाकल्या.

सूर्याचं एखादं मोठं वादळ यावं आणि आपल्या उपग्रहाने ते जवळून बघावं, एवढीच त्यांची इच्छा. पण त्यात एक गोम होती. अशा वादळात वरची हवा तापून फुगते आणि लहानसा उपग्रह तिच्यात अडखळत वेळेआधीच खाली येऊन जळून जातो. "मग वादळ न आलेलंच बरं," मी म्हणालो.

"अहो जावईबापू, नुसतं फिरायला का पाठवलंय त्याला?" त्या म्हणाल्या खऱ्या, पण निवडलेलीच भाजी पुन्हा निवडू लागल्या.

वादळ आलं. उपग्रहाने ते मोजलं, सगळी माहिती खाली पाठवली, आणि मग तो रोज ठरल्या वेळेच्या थोडा आधीच येऊ लागला. ती पडत चालल्याची खूण; जितका खाली, तितकी फेरी लहान.

एका संध्याकाळी मी त्यांच्यासोबत गच्चीवर होतो. वेळ झाली, होऊन गेली. यंत्रातून नुसती खरखर. त्या मात्र अँटेना सावकाश फिरवत राहिल्या, तो जायचा अगदी त्या वाटेने, पार कल्याणच्या बाजूला आभाळ टेकेपर्यंत.

"गेलं हो पोरगं," त्या म्हणाल्या. "पण सगळं सांगून गेलं."

ठाकुर्लीवरचं ते आभाळ मला पहिल्यांदाच रिकामं वाटलं.