फासात सोडलेली जागा

सौदीतल्या आमच्या अल-खोबरच्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली चार पेट्या आहेत. पाण्याचे कॅन, डाळ-तांदूळ, गॅसची छोटी शेगडी, ओआरएसची पाकिटं, दोरखंड आणि दोन चांगल्या सुऱ्या. माझी बायको नाशिकची, जिभेने तिखट. ती या पेट्यांना ‘प्रलयाचं रुखवत’ म्हणते. पाहुणे आले की मुद्दाम मला विचारते, “दाखवायचं का रुखवत?”

हे वेड करोनाच्या संचारबंदीत लागलं. दुकानं उघडी होती, कुणी उपाशी राहिलं नाही, हे मला मान्य आहे. पण बाल्कनीतून तो रिकामा रस्ता बघताना मी घरातलं पाणी किती दिवस पुरेल ते मोजायचो. इथलं पाणी समुद्राचं गोडं केलेलं, भाजी जहाजातून आलेली आणि आमचा मुक्काम इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, एका कार्डावर. उद्या काही झालं तर? मी कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. ‘उद्या काही झालं तर’ या चार शब्दांवरच माझं घर चालतं, त्यामुळे हा प्रश्न मला इतरांपेक्षा जरा जास्तच चिकटतो.

साठवलेलं धान्य कधीतरी संपणार, हे हिशेबाने कळत होतं. मग पुढे काय? पुढे शिकार. आमच्या पुण्याच्या घरी अंडी उकडायचं भांडं वेगळं असे आणि ते मोरीजवळच्या फडताळात ठेवलं जाई. अशा घरात वाढलेला मी पन्नाशीला आल्यावर ससे कसे धरतात याचे व्हिडिओ बघू लागलो. बाल्कनीत बसून तारेचे फास वळायचो. एकदा त्यात बायकोची तुळस अडकली. त्यावर ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

अडचण होती ती सरावाची. इथे परवान्याशिवाय शिकार करता येत नाही आणि वाळवंटात फास लावणं तर सरळ गुन्हा. बंदुकीचा विचारही माझ्यासारख्या परदेशी माणसाने करू नये. पण शहरापासून तासाभरावर एक मजरा आहे, म्हणजे खजुराची शेतवाडी. तिथे आम्ही खजूर घ्यायला जायचो. तिचे राखणदार श्रीवर्धनकडचे. आम्हा नवराबायकोला मराठीत भांडताना ऐकून ते पहिल्यांदा बोलायला आले होते. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. सव्वीस वर्षं एकाच कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, एकाच वाडीवर. खजूर, लसूणघासाचे वाफे, शेळ्या आणि मालकाची सलुकी कुत्री, एवढा त्यांचा संसार. सलुकी म्हणजे लांब पायांची, हरणाच्या अंगाची शिकारी जात. वाळवंटातले बदू लोक तिला घरच्या माणसासारखी वागवतात.

वाडीत मोठे उंदीर फार. ठिबकच्या नळ्या कुरतडून टाकत. चाचा त्यांच्यासाठी कुंपणाच्या आतल्या बाजूला फास लावत. मी म्हटलं, मला शिकवा.

“तुमाला कशाला हवं साहेब? तुमच्याकडं एसीत उंदीर येतात काय?”

मी माझी काळजी सांगितली. ते हसले नाहीत. थोडा वेळ दाढी खाजवली आणि म्हणाले, “शुक्रवारी या. उजाडायच्या आत नको, उजाडल्यावर या. ऊन तिरपं असलं की पाऊल दिसतं.”

त्या हिवाळ्यात मी सहा-सात शुक्रवार गेलो. व्हिडिओत बघितलेलं निम्मं तिथे पुसलं गेलं. फास कसा वळायचा हे चाचांनी शेवटी शिकवलं. आधी नुसतं बघायला लावलं. जनावर आळशी असतं, म्हणाले, आपल्यासारखंच; रोज त्याच वाटेने जातं, त्याच फटीतून घुसतं. जिथे त्याची वाट अरुंद होते तिथेच फास लावायचा, बाकी ठिकाणी लावणं म्हणजे तार वाया. हाताचा साबणाचा वास जायला हवा, म्हणून आधी वाळूत हात घोळायचे. उंदराला फासाची खालची कड दोन बोटं उंच, सशाला मूठभर.

माझ्या डोक्यातल्या हिशेबालाही त्यांनीच सुरुंग लावला. “धा फास लावले तर एकात काय तरी मिळेल. कदी कदी नायपण मिळणार. त्यापायी उन्हात फिरून घाम किती गेला ते धरा. पाणी जवळ नसंल तर शिकारीच्या नादाला लागूच नका. गाडीच्या सावलीत पडून राहा.” लहानपणी त्यांनी खाडीत खेकडे धरले, डोंगरात लावऱ्या धरल्या. शौक म्हणून नव्हे, कालवणात घालायला दुसरं काही नसे म्हणून. त्या दिवसांबद्दल ते अभिमानाने कधीच बोलले नाहीत.

त्यांच्या फासात एक गंमत होती. तारेवर ठरावीक जागी ते एक छोटी गाठ मारत. फास ओढला गेला तरी त्या गाठीपाशी थांबे, पुरता आवळत नसे. आत जनावर अडकून बसे, पण जितं राही. मी कारण विचारलं.

“गळा आवळून मेलेलं आमाला चालत नाय. जितं हाती लागलं पायजे, मग नाव घेऊन सुरी. बापानं अशीच शिकवली, हाताला तीच सवय.”

“पण चाचा, उंदीर कुठे खायचाय?”

“नाय खायचा. पण कदी ससा येतो घासाला. त्याला धरायची इथं परवानगी नाय. गाठ असली की सोडून देता येतो. पळतो बिचारा.”

मला हे पटलं, पण त्यांच्यापुरतं. मला कुठे हलाल करायचं होतं? माझे फास व्हिडिओतले होते, वर कारखान्यातली सवय. यंत्राचे बोल्ट सुटू नयेत म्हणून आम्ही त्यांना तार पकडीने दुहेरी पिळून बांधतो, तसाच पीळ मी फासाला देत असे. एकदा आवळला की मागे येणार नाही. चाचांच्या फासातून चार उंदीर सुटत तेव्हा माझ्या एकाही फासातून सुटत नसे. पहिला उंदीर मेलेला मिळाला त्या दिवशी, खरं सांगायचं तर, माझी छाती फुगली. घरी फोन केला. बायको म्हणाली, “आधी आंघोळ, मग कौतुक.”

चाचांनी माझा पीळ हातात घेऊन बघितला होता. “मजबूत हाय,” एवढंच म्हणाले. बरं म्हणाले नाहीत, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. दिवसातून दोनदा प्रत्येक फास बघायचा आणि निघण्याआधी सगळे उचलायचे. मी तर यादीचा माणूस. फोनमध्ये तक्ता केला होता: फासाचा नंबर, जागा, पुढे खुणेचा चौकोन.

चाचांना दोन महिन्यांनी कायमचं गावी जायचं होतं. कागद तयार होते. त्यांची एकच इच्छा होती, ती त्यांनी मला चहा पिताना सांगितली होती. “जाताना कफीलनं हात धरून निरोप द्यावा. सव्वीस वर्सांत बोट दाखवायला जागा नाय ठेवली. तशीच कोरी पाटी घेऊन जायचं.”

त्यानंतरच्या शुक्रवारी मी बारा फास लावले. दुपारी बायकोचा फोन आला. संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाची दहा-बारा माणसं घरी यायची होती आणि मी चक्का आणायचा विसरलो होतो. मी भराभर फास उचलत सुटलो. शेवटचे दोन-तीन कुंपणाच्या पार टोकाला होते. गाडीत बसता बसता तक्त्यातल्या सगळ्या चौकोनांवर खुणा केल्या. कारखान्यात शिफ्ट संपताना ‘जागा मोकळी व सुरक्षित’ या ओळीखाली मी रोज सही करतो; कधी कधी सही आधी होते आणि फेरी नंतर. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

चाचांनी फाटकापाशी विचारलं, “सगळे उचलले?”

“हो. मोजून.”

ते माझ्या शब्दावर विसंबले. मागून जाऊन बघितलं नाही.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला त्यांचा फोन आला. “साहेब, कुत्री अडकली. जमलं तर या.”

मी पोचलो तेव्हा मालक आधीच आले होते. साठी ओलांडलेला उंच माणूस, मातकट रंगाचा पायघोळ ठोब घातलेला. जनावरांचा डॉक्टर येऊन गेला होता. सलुकी खजुराखाली सतरंजीवर पडली होती, पुढच्या उजव्या पायाला जाड पट्टी. तार हाडापर्यंत गेली होती. पाय वाचेल, पण ती पुन्हा धावणार नाही, असं डॉक्टर सांगून गेला होता. चाचा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिने जिथे झटापट केली तिथली वाळू मला उभ्या जागेवरून दिसत होती. चाचांच्या फासात ती नुसती बसून राहिली असती, कुणीतरी येईपर्यंत.

मालकांनी अरबीत विचारलं, हा फास कोणाचा? माझं अरबी बाजारापुरतं आहे, पण एवढं कळलं. मी तोंड उघडणार होतो, असं मला आजही वाटतं. पण तोंडापर्यंत काय काय येऊन पोचलं ते मला आठवतं: बेकायदा फास, पोलीस, इकामा, नोकरी, मुलीची बारावी. तेवढ्यात चाचा खाली बघत म्हणाले, “हक्की.” माझा. उंदरांसाठी लावला होता, उचलायचा राहिला.

मी गप्प बसलो. घोटभर पाणी प्यायला लागेल तेवढा वेळ असेल, पण त्यात दुरुस्ती करायला भरपूर जागा होती. चाचांची कोरी पाटी माझ्या डोळ्यांदेखत खराब झाली आणि मी कुत्रीच्या पट्टीकडे बघत राहिलो.

मालकांनी वाकून पट्टी नीट केली. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. मग मला म्हणाले, “यल्ला,” म्हणजे चल, आणि गाडीपर्यंत सोबत चालत आले. तिथे त्यांनी खिशातून ती कापलेली तार काढून माझ्या तळहातावर ठेवली. पकडीने दिलेला दुहेरी पीळ जशाचा तसा होता.

ते सावकाश, मला कळावं म्हणून तोडक्या हिंदीत बोलले. “इसका फास मैं छब्बीस साल देखता. उसमें गाठ होता.” मग म्हणाले, “छब्बीस साल ये आदमी मेरे को झूठ नहीं बोला. आज बोला. तेरे वास्ते.”

मी म्हटलं, “हक्की. माझा आहे. मेरा है.” तिन्ही भाषा एकदम आल्या. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. “मेरे को मालूम. मेरे को मत बोल. उसको बोल.”

मी गाडीचं दार तसंच उघडं टाकून परत गेलो. चाचा अजून तिथेच होते, कुत्रीच्या कानामागे बोटं फिरवत. मी समोर वाळूत बसलो. “चाचा, तुम्हाला माझ्यापायी खोटं बोलावं लागलं,” एवढंच कसंबसं म्हणालो, आणि रडू फुटलं. पन्नाशीच्या माणसाचं रडणं मोठ्या आवाजाचं असतं.

चाचांनी वर न बघता दुसरा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

“हळू, साहेब,” ते म्हणाले. “आत्ता कुठं झोपली हाय ती.”