डुलकीचं पडणं

नाटक कंपनीत तिला सगळे डुलकी म्हणत. तालमीत खुर्ची मिळाली की हिची मान खाली, गाडीत बसली की गाडी सुटायच्या आत स्वारी गाढ. रात्री पोटभर झोपूनही हीच तऱ्हा. ‘आळशी’ हा शब्द तिने इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकला होता, की तो तिला आडनावासारखा वाटू लागला होता.

पण रंगमंचावर ती राणी होती. भूमिका मोलकरणीची, तरी राणीच! नाटकात मालक होणारा नट महाखट्याळ. समोरच्याला खरोखरचं हसवून फजिती करायची, ही नटांची जुनी खोड. हा पठ्ठ्या दर प्रयोगाला संहितेत नसलेलं एखादं वाक्य हळूच सोडायचा. डुलकीला हसू फुटायचं, आणि हसता हसता तिचे गुडघे लोण्यासारखे वितळायचे. मान लुळी, जबडा सैल, झाडू एकीकडे आणि बाई जमिनीवर! लोक प्रेक्षागृह डोक्यावर घ्यायचे. काय टाळ्या असायच्या त्या!

“हाडं घरी ठेवून आल्यासारखी पडते हो,” दिग्दर्शक सांगत सुटायचे. “हे शिकवून येत नाही.”

शिकवून येत नव्हतंच. ती ते करतच नव्हती. ते आपोआप व्हायचं. पण एवढं कौतुक होत असताना कोण म्हणेल, की यात माझं काहीच नाही? त्याच पडण्यासाठी बक्षीस मिळालं, तेही तिने मान खाली घालून घेतलं.

मग एका दुपारी ती घरी चहाचे कप घेऊन येत होती. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. एका चिकट गिऱ्हाइकाची त्याने अशी नक्कल केली, की ती हसली आणि कपांसकट कोसळली. नवऱ्याने टाळी वाजवली.

“वा! पण बाईसाहेब, इथे तिकीट काढून कोण बसलंय?”

तिला सगळं ऐकू येत होतं, पण जीभ हलेना. थोड्या वेळाने अंगात बळ आलं, तेव्हा नवरा शेजारी बसला होता, पांढराफटक पडलेला.

“तू हे मुद्दाम करत नाहीस?”

“एकदाही केलं नाही.”

“अगं, मग ते बक्षीस दिलं कुणाला त्यांनी?”

हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं. हे काय आहे ते आता कळलंच पाहिजे, असं तिने ठरवलं.

पहिल्या डॉक्टरांनी रक्तवाढीचं औषध दिलं. दुसरे म्हणाले, काळजी करू नका, मन रमवा. तिसऱ्या होत्या मेंदूच्या डॉक्टर. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं.

“पडता तेव्हा शुद्ध असते?”

“असते की. टाळ्यासुद्धा ऐकू येतात.”

“झोप लागताना खोलीत कुणी उभं दिसतं? जाग आल्यावर अंग हलत नाही, असं होतं?”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. लोक वेडी म्हणतील, या भीतीने हे तिने त्यालाही सांगितलं नव्हतं.

मग तपासणी झाली. डोक्याला तारा लावून रात्रभर झोपवलं आणि दुसऱ्या दिवशीही थोड्या थोड्या वेळाने झोपायला लावलं. “आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला झोप म्हणालं!” ती म्हणाली.

“हा नार्कोलेप्सी नावाचा आजार आहे,” डॉक्टरांनी सांगितलं. “झोप आणि जाग यांच्यातली सीमा मेंदूला राखता येत नाही. झोपेत अंग सैल पडतं ना, तसं तुमचं हसताना पडतं. हा आळस नाही. मुळापासून जात नाही, पण औषधं आणि ठरलेल्या वेळची झोप यांनी आटोक्यात राहतो.”

“ते आळस नाही, एवढं जरा पुन्हा म्हणा ना.”

डॉक्टर पुन्हा म्हणाल्या.

तालमीच्या खोलीत तिने सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. भूमिका जाणार, हे धरूनच ती उभी होती. मालक होणारा नट मात्र खुलला.

“म्हणजे माझ्या वाक्यांना तू खरंच हसायचीस?”

“मेल्या, खरंच हसायचे म्हणून तर पडायचे!”

दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसले होते. “पण ते पडणं काढलं, तर प्रवेशात उरतं काय?”

“काढायचं नाही,” ती म्हणाली. “ह्याने संहितेबाहेर एक अक्षर बोलायचं नाही. पडायचं काम मी करीन.”

मग घरी गादी अंथरून सराव सुरू झाला. नवरा समोर खुर्ची टाकून बसायचा आणि म्हणायचा, “हाडं दिसतायत अजून!” ती उठायची, परत पडायची. औषधांनी अंग सावरू लागलं होतं. प्रयोगाआधी ती रंगपटात तासभर झोपायची, आणि बाहेर दिग्दर्शक स्वतः उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्यांना दटावायचे, “हळू चाला रे, बाई काम करतायत!”

त्यानंतरच्या पहिल्या प्रयोगाला मालकाने वाक्य घेतलं, जसंच्या तसं. तिने हसू आणलं, एक गुडघा सोडला, मग दुसरा, आणि ती पडली. जितकं ठरवलं होतं तितकाच वेळ ती पडून राहिली आणि मनात आलं तेव्हा उठली.

विंगेत दिग्दर्शक चाचरत म्हणाले, “टाळी जरा कमी आली, नाही?”

“येऊ दे की,” घाम पुसत ती म्हणाली. “पण ही माझी आहे.”