मुक्ताचा दमा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय — कोण जाणे. आज फार आनंदात आहे, म्हणून असेल. आनंदातही माणसाच्या तोंडून भलतंसलतं निघून जातं, नाही का?

माझ्या मुलीला, मुक्ताला, दमा आहे. एव्हरशाईनमधल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला हे माहीत आहे. मी वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर, संध्याकाळी घरी येतो तो धुळीने माखून. त्यामुळे पोरीला दमा कसा झाला, असं कुणी विचारलंच नाही. बायको माझे कपडे वेगळे धुते. मी आंघोळ करून येईपर्यंत मुक्ताने आतल्या खोलीत थांबायचं, असा तिचा नियम. पोर दाराआडून मला हाका मारायची.

पाचवीत होती ती तेव्हा. स्कॉलरशिपची परीक्षा डोक्यावर, आणि शाळेत पीटीचा तास शेवटचा. धावून-खेळून यायची आणि क्लासमध्ये पेंगायची. क्लासच्या बाईंनी मला बोलावून सुनावलं. धावून कुणाचं भलं झालंय — असं मला वाटलं. खरंच वाटलं. त्यात तिला खोकला झाला. तपासून झाल्यावर तिला बाहेर बाकावर बसवून मी डॉक्टरांशी बोललो. साधी सर्दी, म्हणाले. घरी येऊन मी सांगितलं — दम्याची सुरुवात आहे. औषध काही नाही, फक्त धावायचं नाही.

हिला सांगितलं. पीटीच्या डिमेलो सरांना सांगितलं. आणि — कसं सांगू? — मुक्तालाही तेच सांगितलं. मुलं खरं बोलून बसतात ना! एका धडधाकट पोरीला मी पटवलं, की तुझी छाती कच्ची आहे.

तिने ते मानलं. पीटीच्या तासाला बदामाच्या झाडाखाली बसून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायची, छातीवर हात ठेवून. अंग सुटत गेलं, धड भूक नाही, धड झोप नाही. स्कॉलरशिप मिळाली नाही, हे ओघानेच आलं. तेव्हा तरी सांगायचं की नाही? पण एव्हाना सगळं घर त्या दम्याच्या तालावर चालत होतं. माझी हिंमत झाली नाही.

काल शाळेच्या मैदानावर रिले होती. मुक्ता आता नववीत. तिच्या वर्गातल्या एकीचा पाय मुरगळला, आणि आमची बाटल्यावाली उठून तिच्या जागी उभी राहिली.

"थांबवा हो तिला," बायकोने माझा दंड घट्ट धरला. डिमेलो सरही माझ्याकडे बघत होते. तिला काही होणार नाही, हे त्या मैदानात एकट्या मला माहीत होतं. मी म्हणालो, "धावू दे."

काय धावली! बॅटन हातात आला तेव्हा सगळ्यांच्या मागे होती. पुढचीला गाठलं, मागे टाकलं, आणि तिसऱ्या नंबरावर बॅटन पुढे दिला. मग गवतावर आडवी. ऊर धपापतोय, चेहरा लालबुंद, आणि हसतेय.

"बाबा, मेले नाही मी," ती म्हणाली.

सरांनी माइकवरून सांगितलं, या मुलीने दम्याला हरवलं. टाळ्या! पालक येऊन माझा हात हातात घेत होते. मीही देत होतो — मान ताठ ठेवून.

छातीत मरण आहे असं समजून ती धावली. ते धाडस अस्सल आहे, त्यातलं तसूभरही खोटं नाही. हरवलं तिने मला. आणि खरं सांगतो, हरल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

आज रविवार असूनही सरांनी तिला मैदानावर बोलावलंय. आली की सांगणार आहे, तिच्या आईसमोर. मग पोर काय म्हणेल ते म्हणेल.

जिन्यात पावलं वाजतायत. मधल्या मजल्यांवर कुठेच थांबली नाहीत.