हौदातले पाहुणे

दुधनीच्या आमच्या कट्टर शाकाहारी घरात मासे पहिल्यांदा मी आणले. तेही जिवंत, आणि वडिलांचा ताप जावा म्हणून!

आदल्या साली हिवतापाने माझी धाकटी बहीण नेली होती. आता अप्पांना, म्हणजे वडिलांना, दिवसाआड हुडहुडी भरे. गावात पाण्याची कायम टंचाई, त्यामुळे परसातला हौद सदा भरून ठेवलेला, आणि डासांचं ते माहेरघर. मी सोलापुरात गिरणीत कारकून. तिथले डॉक्टर म्हणाले, "हौदात हे मासे सोडा. अळ्या फस्त करतील." मग बरणी मांडीवर घेऊन मी आगगाडीने गावी आलो. (शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला. मासे बिचारे निर्मळ होते, वास माझ्या सदऱ्याला होता.)

"अय्यो शिवने!" अव्वा, म्हणजे आई, किंचाळली. "मासे? ह्या घरात?"

"खायला न्हाईत गं! डासांच्या अळ्या खात्यात ते."

"म्हंजे आपल्या हौदात जीवहत्या?"

"अप्पांचा ताप जायला पायजे का नगं?"

ती हौदापासून बाजूला सरली. मासे हौदात गेले आणि मी मोठ्या ऐटीत सोलापूरला परतलो.

पुढच्या खेपेला येऊन बघतो, तर अप्पा तसेच कुडकुडत होते. मी हौदात डोकावलो. अव्वाच्या बांगड्या वाजताच मासे वर धावले, चांगले गुबगुबीत! आणि अळ्या निवांत वळवळत होत्या.

"अव्वा, ह्यांना काय घालतीस?"

"भाकरी. वर दाण्याचा कूट. पोट भरल्यावर कशाला जीव मारतील?"

"अगं, त्यासाठीच आणलेत की!"

"शेंगाचटणी मातूर देत न्हाई. लई तिखट लागंल."

मी भडकलो. अप्पांचा जीव, डॉक्टरांचं शास्त्र, बायकांचा अडाणीपणा, सगळं बोलून घेतलं. अव्वा भाकरी कुस्करत म्हणाली, "धाकटी जाताना घास भरवत व्हते, तर तोंड फिरवायची. हे खात्यात तरी."

माझे डोळे भरून आले, अंगावर काटा आला, दात वाजू लागले! (मी त्याला गहिवर समजलो. तो हिवताप निघाला.) अप्पांच्या शेजारी माझंही अंथरूण पडलं. अव्वाने भाकरीचा घास पुढे धरला आणि मी तोंड फिरवलं. ती ताट उचलून परसात गेली.

बांगड्या वाजल्या. डॉक्टर अगदी खरं बोलले होते. माशांनी माझ्या वाटची भाकरी फस्त केली!