टाके दाखव

आमच्याकडे ऑपरेशन झालेला माणूस घरी आला की भेटायला येणारा आधी त्याला शर्ट वर करायला लावतो. टाके किती ते मोजून मगच बिस्किटचा पुडा हातात देतो. माझ्या पोटावर एकही टाका नव्हता, आणि त्यानंच माझा घात केला.

पित्ताचा खडा अडकून माझं स्वादुपिंड सुजलं होतं. पुढं महिन्याभरात जठराच्या मागं पाण्याची मोठी गाठ झाली, तिच्यात पू धरला, घास उतरेना. पोट फाडण्यात धोका जास्त, म्हणून ठाण्याच्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली, जठराला आतून भोक पाडून धातूची आखूड नळी बसवली आणि सगळी घाण जठरात उतरवली. सडलेलं काढायला आणखी तीनदा दुर्बीण घातली. मी वाचलो.

शहापूरला आल्यावर चुलत भाऊ भेटायला आला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, रोज संध्याकाळी ढोसणारा. त्यानं माझा शर्ट वर केला, पोट निरखलं आणि हसला. दुसऱ्या दिवसापासून आटगाव स्टेशनपासून मुरबाडपर्यंत एकच बोलणं, याचं कसलं ऑपरेशन, दारू सोडवायच्या केंद्रात ठेवला होता. अरे, मी हळदीच्या मांडवातसुद्धा कधी थेंब घेतला नाय! हॉस्पिटलचे कागद दाखवले, पण इंग्रजी कागद वाचतो कोण? मुरबाडची माणसं माझ्या मुलीला पसंत करून गेली होती, फक्त साखरपुड्याची तारीख ठरायची होती. त्यांचा निरोप आला, दारुड्याच्या घरात सोयरीक नको. माझी तर भावाचं नाव निघालं तरी तळपायाची आग मस्तकात जायची.

वर्षभरानं त्याचंही स्वादुपिंड सुजलं, आणि ते दारूनंच. तशीच गाठ, तशीच नळी. ऐकून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? तो घरी आल्याचं कळताच मी गेलो. ओटीवर अर्धा पाडा बसला होता.

"शर्ट वर कर," मी म्हणालो. "टाके दाखव."

त्याचा चेहरा पडला. "दादा, याला टाके नसतात. तुला ठावं हाय."

"मला हाय. यांना सांग."

तोंडातून घालतात, आतल्या आतच करतात, असं तो पुटपुटला. मी त्याला ते मोठ्यानं सांगायला लावलं. माझंही असंच झालं होतं आणि दारूचं त्यानंच खोटं पसरवलं, हेही वदवून घेतलं. त्याची बायको रडकुंडीला आली, पुरे करा म्हणाली. मी म्हणालो, अजून पुरं झालेलं नाय, हेच आता मुरबाडला जाऊन सांगायचं.

अंगात जरा त्राण आल्यावर तो काठी टेकत एसटीनं गेला. मुरबाडच्या त्या मुलाचं लग्न होऊन कैक महिने झाले होते. मला ते ठाऊक होतं, त्याला मी सांगितलं नव्हतं.

"मग काकाला कशाला पाठवलं, बाबा?" मुलीनं विचारलं.

"दार उघडायला त्यांची सून येईल," मी म्हणालो. "कुणाची सोयरीक मोडून तिला आणली, ते तिच्यासमोर सांगू दे."